एडिटमध्ये सीन उडाला की लेखकाने कुठे बसायचं?

एका नवीन लेखकाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलीच मराठी फिल्म, पटकथा आणि संवाद दोन्ही यांचेच, बाउंड म्हणजे शूटआधी पक्क्या केलेल्या स्क्रिप्टमध्ये 96 सीन होते, शूट झालं आणि आता डिरेक्टर सांगतायत की 19 सीन एडिटमध्ये गेले. त्यात आजी रात्री देवघरात एकटी बसून गेलेल्या नवऱ्याशी बोलते तो सीनपण गेलाय आणि नेमका तोच यांचा सगळ्यात जवळचा सीन. एडिटरशी आजवर एकदाही बोलणं झालेलं नाही. शनिवारी रफ कट, म्हणजे एडिटची पहिली कच्ची जुळणी, दाखवणार आहेत. तर विचारतायत की ताई, एडिटला बसायचा आग्रह धरू का, की स्क्रिप्ट दिली तिथेच लेखकाचं काम संपलं असं समजून गप्प बसू.

गप्प बसू नका. पण रोज एडिटला येऊन बसायचा हट्टपण करू नका. या दोन्हीच्या मधे लेखकाची एक जागा असते आणि ती कुठली तेच सविस्तर सांगते, कारण मी 2001 पासून फिल्म एडिटिंगच करतेय, आधी सात वर्षं असिस्टंट आणि मग स्वतंत्र, आणि माझ्या हातून लेखकांचे खूप सीन गेलेत, बरेचसे बरोबर गेले, काही चुकून गेले, आणि चुकून गेलेले अजून जसेच्या तसे आठवतात.

आधी त्या 19 बद्दल. दोन तासांच्या फिल्ममधून दहा-पंधरा सीन जाणं हे माझ्या अनुभवात नेहमीचं आहे, 19 जरा जास्त वाटतात पण त्यात काहीतरी भयंकर झालं असं नाही. आकडा बघूच नका. बघायचं ते हे की त्या गेलेल्या सीनचं काम आता फिल्ममध्ये दुसरं कोणी करतंय का.

सीन का जातात हे लेखकांना कोणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. तुम्ही लिहिता तेव्हा समोर नट नसतो, घर नसतं, भिंतीचे पोपडे नसतात, त्यामुळे सगळं शब्दात घालावं लागतं आणि ते बरोबरच आहे. समजा वडिलांची परिस्थिती बेताची आहे हे तुम्ही तीन वाक्यांत लिहिलं. मग कॉस्च्युमवाल्या मुलीने ती वाक्यं वाचली आणि वडिलांच्या शर्टाची कॉलर उलटी करून शिवून घेतली, नटाने चपलेचा अंगठा तुटू नये म्हणून जपून पाय टाकायची एक सवय लावून घेतली, कॅमेरामनने ते दोन्ही टिपलं. आता एडिट करताना माझ्यासमोर तीच गोष्ट पाच वेळा येते आणि त्यातली तीन वाक्यं सगळ्यात कमी असरदार आहेत, म्हणून ती जातात. पण ती वाक्यं होती म्हणूनच ती कॉलर आली ना! ती गेली म्हणजे वाया गेली असं नाही, ती कॉलरमध्ये गेली. मी हे प्रत्येक नवीन लेखकाला सांगते आणि अगदी मनापासून सांगते.

आता उलट बाजू, म्हणजे माझी चूक.

एक फिल्म होती, नाव घेत नाही. गावातला मुलगा शहरात नोकरीला जातो. पहिल्या पंचवीस मिनिटांत एक सीन होता, बहीण त्याला तिचं पोस्टाचं पासबुक देते, तो नको म्हणतो, ती घे म्हणते, मला काय करायचेत म्हणते, आई आतून ऐकते, असा 1 मिनिट 40 सेकंदांचा. चांगला लिहिलेला, चांगला झालेला. पण पहिला भाग जड होत होता, मुलगा गावातून निघतच नव्हता, आणि मी आणि डिरेक्टर दोघांनी मिळून तो सीन काढला. काढल्यावर फिल्म अशी पटकन पुढे गेली की आम्हाला दोघांनाही हायसं वाटलं. लेखकाला विचारायचं आमच्या डोक्यातपण आलं नाही.

मग पंधरा-वीस माणसांना कट दाखवला. सगळ्यांचं एकच म्हणणं, सेकंड हाफमध्ये हिरो आवडत नाही. कंजूष वाटतो, मित्राला दोनशे रुपये देत नाही, चहाला नाही म्हणतो, घरून फोन आला की टाळतो, याला घरच्यांचं काही पडलेलंच नाही. आम्ही तीन आठवडे सेकंड हाफ दुरुस्त करत बसलो. म्युझिक बदललं, मित्राबरोबरचं भांडण अर्धं केलं, तो रात्री जागा आहे असा एक शॉट दुसरीकडून आणून लावला. काही उपयोग नाही. जिथे दुखत होतं तिथे आम्ही लेप लावत होतो आणि काटा भलतीकडेच होता.

लेखक आले ते डबिंगच्या दोन ओळी लिहायला. म्हटलं आलातच तर पूर्ण बघा. इंटरव्हलनंतर दहा मिनिटांत त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितलं आणि विचारलं, पासबुक कुठाय? मी म्हटलं तो सीन काढला, लांब होत होतं. ते म्हणाले अहो पण हा मुलगा चहा पीत नाही तो त्या पासबुकामुळे, तो बहिणीचे पैसे परत जमवतोय, फोन टाळतो कारण अजून जमलेले नाहीत आणि तिला काय तोंड दाखवू असं त्याला होतंय. तुम्ही पासबुक काढलंत म्हणजे त्याची लाज काढून घेतलीत आणि वागणं तेवढं ठेवलंत.

मी तिथेच बसल्या बसल्या गप्प झाले. इतकं साधं होतं ते.

पण आता पुढचं नीट ऐका कारण तुमच्यासाठी तेच जास्त कामाचं आहे. त्यांनी सीन होता तसा परत लावा असं म्हटलं नाही. म्हणाले डायलॉगचं मला काही नाही, त्या पोराकडे ते पासबुक आहे एवढं लोकांना कळू दे. मग आम्ही दोघांनी त्या सीनचे सगळे टेक परत बघितले, एनजी म्हणजे बाद ठरवलेल्या टेकसकट. तिसऱ्या टेकमध्ये डायलॉग सुरू व्हायच्या आधी बहीण त्याची बॅग भरतेय, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्याच्या खाली सरकवते, आई बघतेय का म्हणून एकदा स्वयंपाकघराकडे मान वळवते आणि चेन लावते. 22 सेकंद. एक शब्द नाही. ते घेतलं. पण मग मुलाला ते सापडलं हे कसं कळणार, कारण तसं शूटच केलेलं नव्हतं, लिहिलेल्या सीनमध्ये ती त्याच्या हातातच देत होती. तर एक इन्सर्ट शूट केला, बॅगेतून डबा काढणारा हात आणि खाली ती पिशवी. नट मिळाला नाही, हात असिस्टंट डिरेक्टरचा आहे, स्टुडिओच्या शेजारच्या खोलीत जमिनीवर सतरंजी घालून दुपारभरात केलं. सेकंड हाफमधलं आम्ही तीन आठवडे जे काय बदललं होतं ते बहुतेक सगळं मग परत पहिल्यासारखं केलं, आणि हिरो लोकांना आवडायला लागला.

म्हणून माझं सगळ्या लेखकांना सांगणं एकच आहे. सीन कसा आहे ते एडिटरला तुमच्याइतकंच, नव्हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, त्याने तो शंभर वेळा बघितलेला असतो. त्याला माहीत नसतं ते हे की तुम्ही तो कशासाठी लिहिला. ते फक्त तुमच्याकडे असतं आणि ते स्क्रिप्टच्या पानावर कुठेच लिहिलेलं नसतं. तेवढं तुम्ही त्याला दिलंत तर तो सीन 22 सेकंदांचा झाला तरी जिवंत राहतो, आणि नाही दिलंत तर पूर्णच्या पूर्ण ठेवलेला सीनसुद्धा मेलेला असू शकतो.

आता मी काम सुरू करायच्या आधी लेखकाकडून एक कागद मागते. प्रत्येक सीनला एक ओळ. "सासू-सुनेचं भांडण" असं लिहून देतात ते काही कामाचं नाही, ते मला दिसतंच आहे. "सून सासूला घाबरत नाही हे नवऱ्याला पहिल्यांदा कळतं" असं लिहा. मग मला कळतं की कट नवऱ्याच्या चेहऱ्यावर जायला हवा, भांडण मागे ऐकू आलं तरी चालेल. एका ओळीने क्लोजअप कोणाचा ते ठरतं! बरेच लेखक हा कागद लिहिताना स्वतःच येऊन सांगतात की ताई, सीन 41 आणि 47 दोन्हीला तीच ओळ येतेय. मग शूटच्या आधीच एक सीन जातो, एक दिवस वाचतो, आणि निर्मात्याचे पैसेपण.

वॉल्टर मर्च हे एडिटर, त्यांनी कट कुठे करायचा याचे सहा निकष सांगितलेत आणि त्यांना टक्के दिलेत, भावना 51, गोष्ट 23, लय 10 आणि उरलेले तीन मिळून 16. टक्के अगदी काटेकोर धरायची गरज नाही पण लेखकांनी एवढं लक्षात ठेवावं की भावना एकटीच निम्म्याहून जास्त आहे. म्हणून तुम्ही एडिटरला "इथे माहिती राहून गेली" म्हणालात तर तो अर्धवट ऐकेल, आणि "इथे मला त्या बाईची काळजी वाटायला हवी होती ती वाटली नाही" म्हणालात तर त्याचा हात लगेच माऊसवर जाईल.

त्यांचंच एक काम माझं फार आवडतं आहे, 1974 ची द कॉन्व्हर्सेशन. डिरेक्टर कोपोला गॉडफादरच्या दुसऱ्या भागात अडकलेले, लिहिलेले काही सीन शूटच झालेले नव्हते, आणि जे आहे त्यातून गोष्ट उभी करायचं काम मर्चच्या एडिटिंग टेबलावर आलं. फिल्ममध्ये एक चोरून रेकॉर्ड केलेलं वाक्य परत परत ऐकू येतं, मराठीत सांगायचं तर "चान्स मिळाला तर तो आपल्याला मारून टाकेल". सगळ्या फिल्मभर जोर "मारून" वर आहे, म्हणजे बोलणारे घाबरलेले वाटतात. नटाने एका रेकॉर्डिंगमध्ये जोर "आपल्याला" वर दिला होता, तेव्हा तो चुकीचा म्हणून बाजूला ठेवला होता. मर्चनी शेवटी तोच वापरला आणि अर्थ सगळा फिरला, तो आपल्याला मारेल म्हणून आपणच त्याला मारू असा. वाक्य लेखकाचं, एक अक्षर बदललेलं नाही. पण त्या वाक्यात हे दुसरं वाक्य लपलेलं आहे हे टेबलावर सापडलं. मला विचाराल तर लेखक आणि एडिटरचं नातं याहून चांगलं कुठे दिसत नाही.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर शोले. 1975. फिल्मफेअरची नऊ नामांकनं होती आणि मिळालं एकच, एडिटिंगचं, आपल्या एम. एस. शिंदेंना. त्यातला अहमदचा मृत्यू आठवा, सचिनने केलेला रोल. गब्बरने त्याला मारतानाचा सीन शूट केला होता. फिल्ममध्ये तो नाही. गब्बर पडलाय, हातावर किडा चालतोय, तो चापटीने किडा मारतो आणि कट, घोडा प्रेत घेऊन गावात येतो. लोक यात गब्बरच्या क्रौर्याबद्दल बोलतात, पण माझं लक्ष दरवेळी पुढच्या गोष्टीवर जातं. आपण मरण बघितलेलं नाही म्हणून आपल्याला बातमी गावाबरोबरच कळते, आणि म्हणून लगेच येणारा इमामसाहेबांचा सन्नाट्याचा डायलॉग, जो सलीम-जावेदनी लिहिलाय, तो इतका आत जातो. मारणं सविस्तर दाखवलं असतं तर आपण आधीच हादरून मोकळे झालो असतो आणि त्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाला आपल्यात जागाच उरली नसती. म्हणजे एक सीन गेल्याने लेखकाचं दुसरं वाक्य मोठं झालं. तुमच्या 19 मधे असे किती आहेत ते शनिवारी बघा.

आख्खं पात्र जाऊ शकतं हेपण सांगून ठेवते. जाने भी दो यारों, 1983, एडिटर रेणू सलुजा. अनुपम खेर यांनी त्यात डिस्को किलर नावाचा रोल केला होता, तो पूर्ण कापला गेला. आज ती फिल्म बघताना कुणालातरी एक माणूस कमी आहे असं वाटतं का? नाही वाटत. रेणू सलुजा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या, परिंदासाठी त्यांना नॅशनल अवॉर्ड मिळालं, 2000 साली गेल्या. मी या लाइनमध्ये आले त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी. मला त्यांना बघता आलं नाही याचं वाईट वाटतं अजून.

आता लेखक एडिटरूममध्ये आल्यावर प्रत्यक्ष काय लिहितो ते एक दाखवते, कारण बऱ्याच जणांना वाटतं तिथे लिहायचं काही नसतंच. एका फिल्ममध्ये आम्ही दोन दिवसांत घडणारी गोष्ट एका संध्याकाळीत आणली. सगळं जुळलं, पण एका ठिकाणी नायिका म्हणते "परवा येतो म्हणाला", आणि आता तो माणूस तिसऱ्या मिनिटाला दारात उभा. शॉट समोरचा, मिड क्लोज, तोंड स्पष्ट दिसतंय. पाठमोरा असता तर काहीही डब केलं असतं. मी म्हटलं ओळच काढू, तर कुणीतरी येणार आहे हेच मग कळत नव्हतं. लेखिका माझ्या शेजारी बसून ती क्लिप आवाज बंद करून सात-आठ वेळा बघत राहिली, ओठांकडे. प ला ओठ मिटतात, मग उघडतात, दोन ठेके आहेत, पर आणि वा. मिटणारे ओठ म्हणजे प ब भ म फ यांतलंच काहीतरी पाहिजे. "मग येतो", छोटं पडतं. "बघून येतो", अर्थ लागत नाही. आणि मग ती म्हणाली "पटकन येतो म्हणाला". पट कन. दोन ठेके, सुरुवातीला प. व ला ओठ जरासे हलतात पण तेवढं कुणाला दिसत नाही. डब केलं, बसवलं, आणि त्या नटीलासुद्धा नंतर ओळखू आलं नाही की आपण शूटला वेगळं बोललो होतो. हे मी करू शकले नसते, मला कट दिसतो, शब्द सापडत नाही. तेवढ्या एका शब्दासाठी लेखक एडिटला लागतो.

इंटरव्हलबद्दल एक. लेखक इंटरव्हल एका धक्क्यावर लिहितो, कागदावर तो बरोबर मधोमध असतो आणि कट लागला की कळतं तो 74 व्या मिनिटाला येतोय. मग इंटरव्हल आधीच्या कुठल्यातरी सीनवर न्यावा लागतो आणि तो सीन धक्क्याचा नसतो, तो नुसता शांतपणे संपणारा असतो. हे ठरवताना लेखक पाहिजेच पाहिजे, कारण प्रेक्षक समोसा घेऊन बाहेर उभा राहून जे बोलणार आहे ते त्या शेवटच्या शॉटवरून ठरतं. धक्काच लागतो असं काही नाही, एक न सुटलेला प्रश्न पुरतो, पण तो कुठला हे लेखकाला आधी माहीत असतं.

एक पान म्हणजे एक मिनिट हा जो हिशोब सगळीकडे सांगतात तो इंग्रजी फॉरमॅटचा आहे, मराठीत लिहिलेल्या स्क्रिप्टला तो नीट लागू पडत नाही, त्यातून आपल्याकडे अजून बरेच जण दोन कॉलममध्ये लिहितात, डावीकडे दृश्य उजवीकडे संवाद. लांबी बघायची असेल तर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा, आणि गप्प राहायच्या जागा खरोखर गप्प राहा. तुमचे सीन लांबीमुळे गेले असतील तर ते इथेच कळलं असतं.

आणि खरं तर मला शूटच्या आधी बोलावलं पाहिजे, लेखकाला एडिटमध्ये बोलवण्याइतकंच ते गरजेचं आहे. मी स्क्रिप्ट वाचते तेव्हा सीनची पहिली आणि शेवटची पाच वाक्यं बघते. मराठी घरातला सीन म्हटला की दार वाजतं, दार उघडतं, या या, बसा, पाणी घ्या, चहा टाकू का, आणि मग गोष्ट सुरू होते. टेबलावर मी थेट पाण्याच्या रिकाम्या तांब्यावर येणार आहे हे मला वाचतानाच दिसतं. पण कधीकधी त्या "बसा" मधेच सगळं नातं असतं, जावयाला खुर्ची आणि भावाला सतरंजी, आणि तसं असेल तर लेखकाने ते ठळक लिहायला पाहिजे म्हणजे डिरेक्टर तो शॉट घेईल. न घेतलेला शॉट मी कुठून आणणार. दुसरं, एक सीन संपताना काय दिसतं आणि पुढचा सुरू होताना काय ऐकू येतं हे लिहा. आई रडू आवरतेय आणि वरून कुकरची शिट्टी ऐकू येते, मग दिसतं की सकाळ झाली. हे लिहिलेलं असलं की साउंडवाला शिट्टी घेऊन येतो, नाहीतर मी लायब्ररीतली कुठलीतरी लावते आणि ती आपल्या घरातली वाटत नाही.

सीरियलचं वेगळं आहे, तिथे एपिसोड साधारण 22 मिनिटांचा, स्क्रिप्ट कधीकधी शूटच्या सकाळी येते, लेखक आणि एडिटर वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मी ते तीन वर्षं केलंय. तिथे या सगळ्याला वेळ नसतो, आणि त्यामुळे चांगलं लिहिणाऱ्यांचं नुकसान होतं एवढंच म्हणते.

आग्रह धरू का विचारलंत म्हणून हक्काचंपण सांगते. शेवटचा शब्द डिरेक्टरचा आणि बऱ्याचदा निर्मात्याचा असतो, लेखकाचा नाही, माझापण नाही. पण पुढच्या फिल्मच्या करारात एक ओळ घालून घ्या की पिक्चर लॉकच्या, म्हणजे कट कायमचा पक्का व्हायच्या, आधी लेखकाला एकदा पूर्ण कट दाखवला जाईल आणि त्याचं म्हणणं ऐकलं जाईल. ऐकलं जाईल एवढंच, मानलं जाईल असं नाही, त्यामुळे कोणी सहसा नाही म्हणत नाही. लॉक झाल्यावर बोलून काही होत नाही, तेव्हा साउंड, कलर, म्युझिक सगळं त्या लांबीवर बसायला सुरू झालेलं असतं.

आता शनिवार. स्क्रिप्ट बरोबर नेऊ नका, खरंच नेऊ नका, पान उघडं असलं की माणूस फिल्म बघत नाही, पडताळणी करतो. पहिल्यांदा सलग बघा, थांबवायला सांगू नका, लिहू नका. संपल्यावर डिरेक्टरने काय वाटलं विचारलं की "हे मी असं लिहिलं नव्हतं" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. असं वाक्य आलं की एडिटर त्याच क्षणी स्वतःच्या कटचा वकील होतो आणि मग दोन तास वाया जातात, मी स्वतः झालेय. त्याऐवजी कुठे तुमचं लक्ष उडालं, कुठे एखाद्या माणसाबद्दल तुमचं मत तुम्हाला नको तसं झालं, ते सांगा. पासबुकवाल्या लेखकांनी सीन गेल्याची तक्रार केली नव्हती, त्यांना मुलगा वेगळा दिसला होता. मग डिरेक्टरची परवानगी घेऊन एडिटरबरोबर अर्धा तास मागा, चहा प्या, आधी त्याला विचारा की त्याला काय अडतंय. एडिटरला हे कोणी विचारत नाही. तो तुम्हाला अशी दोन-तीन ठिकाणं सांगेल जिथे तुमची एक ओळ त्याचं काम सोपं करेल.

आणि आजी. मी फिल्म बघितलेली नाही त्यामुळे सीन ठेवायला हवा की नको ते मी सांगू शकत नाही. पण कट बघताना एवढं बघा की तिला नवऱ्याची आठवण येते हे दुसरीकडे कुठे कळतंय का. कळत असेल तर सोडून द्या, वाईट वाटेल पण सोडा. कळत नसेल तर पूर्ण सीन परत लावा असं म्हणू नका, त्या सीनचे सगळे टेक बघायला मागा आणि आवाज बंद करायला सांगा. बोलणं सुरू व्हायच्या आधी ती निरांजन लावते का, नवऱ्याच्या फोटोकडे बघून थोडी थांबते का, पदराने फोटोची काच पुसते का, ते शोधा. क्लॅप झाल्यापासून पहिल्या शब्दापर्यंतचा भाग आणि शेवटच्या शब्दापासून कट म्हणेपर्यंतचा भाग, एवढंच बघा. दहा सेकंद मिळाली तरी एडिटरला विचारा की ही कुठे बसतील.